साठ मिलिमीटर

बारा एमएमची सळई,
मोशीच्या साइटवरून आलेली, टोकाला सुकलेलं सिमेंट.
मी तिच्यावर पंचाने दोन ठिपके मारते,
मधे बरोबर साठ मिलिमीटर.
एवढंच आपलं, गव्हाणेकाका म्हणायचे,
बाकीची सळई बिल्डरची.

भोसरी, जे ब्लॉक. पत्र्याच्या शेडमधलं यंत्र,
हिरवा रंग उडालेला, काट्याची तबकडी ताटाएवढी.
वरचा जबडा धरतो, खालचा ओढतो.
भार हळू लावायचा.
घाई केली की धातू खोटं बोलतो,
आहे त्याहून जास्त ताकद दाखवतो,
नव्या जावयासारखा.

सुरुवातीला सगळं वहीतल्यासारखं:
जेवढा ताण तेवढी लांबी,
सोडला की परत साठ.
शाळेच्या पुस्तकात या लांबण्याला विकृती म्हटलं होतं
आणि आमचा अख्खा वर्ग हसला होता.
आता रोज तोच भागाकार करते,
किती वाढली, भागिले मूळ किती.
विकृती म्हणजे एवढंच. त्यात कुणाचा दोष नसतो.
तिला एकक सुद्धा नसतं.

मग एका जागी काटा थबकतो.
भार वाढत नाही, सळई मात्र वाढत राहते.
तेव्हा काटा नाही, अंग बघ, काका म्हणायचे,
आणि खरंच, अंगावरचा काळपट पपुद्रा
सुटून खाली पडू लागतो, कोंड्यासारखा.
आवाज नाही.
यापुढे सोडली तरी ती साठ होणार नाही.
साइटचा पोरगेला इंजिनियर विचारतो,
"तुटली नाही ना अजून?"

बीड असतं तर एवढंही कळलं नसतं,
बीड फाटकन जातं.
आणि एकदा बसच्या स्प्रिंगचा पाटा आला होता,
तो तर जास्त भाराने गेलाच नव्हता.
आळंदी रोडचे तेच ते गतिरोधक, रोज.
तुटलेल्या तोंडावर गुळगुळीत रेघा,
पवनेचं पाणी उन्हाळ्यात उतरताना काठावर सोडतं तशा,
आणि कोपऱ्यात नखाएवढा ताजा, खरखरीत भाग.
तेवढ्यावर ती बस चालली होती शेवटी शेवटी,
माणसं भरून.

काकांचं मी उशिरा वाचलं.
आधी त्यांनी डब्यातलं लोणचं पुढे करणं बंद केलं.
मग रजिस्टरात सातच्या जागी एक येऊ लागला,
मी गुपचूप खोडून नीट करायचे.
मी! जिला त्यांनी अंग बघायला शिकवलं होतं.

गुरुवारी एमआयडीसी बंद. शुक्रवारी ते आले नाहीत.
लांडेवाडीच्या थांब्यावर सापडले, दुपारी एकला,
मांडीवर डबा, समोरून बस येतायत, जातायत.
"चढवतच नाही गं, कुमुद."
मी शेजारी बसले.
काय झालं, घरी काय, मुलाचं काय,
काही विचारलं नाही.
भार हळू लावायचा,
काढायचाही हळू.
चार बस सोडल्या आम्ही. पाचवी रिकामी होती, तीही.

आज सळई तुटली. मधे मान बारीक झाली,
मग बार उडाल्यासारखा आवाज, इंजिनियर दोन पावलं मागे.
तुकडे तोंडाला तोंड लावून मोजले:
एकाहत्तर.
काका हल्ली अर्धा दिवस येतात,
खुर्चीत बसून क्यूबांवर तारखा टाकतात.
मी एक तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवते.
तुटल्या जागी तो गरम असतो,
बाहेरून कुणी तापवलेला नसताना.
ते मूठ मिटतात. जरा वेळाने विचारतात,
"पास?"
"पास," मी म्हणते,
आणि लिहिते: अठरा पूर्णांक तीन.